जुन्या मोटारसायकलचा इंधनखर्च : गळती शोधावी कशी?

जुनी मोटारसायकल विकत घेताना आपण किमतीची घासाघीस करतो, कागदपत्रे तपासतो, टायरवरून हात फिरवतो आणि शेवटी विक्रेत्याला एक प्रश्न हमखास विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" तो जो आकडा सांगतो त्यावर पूर्ण विश्वास नसतानाही आपण मान डोलावतो. गाडी घरी येते. महिनाभरात लक्षात येते की, सांगितलेल्या साठ-पासष्ट किलोमीटरांऐवजी ती चाळिशीही गाठत नाही. मग गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात. कोणी कार्बोरेटर बदलायला सांगतो, कोणी बोअरिंग करायला सांगतो, तर कोणी सगळा दोष पेट्रोलवर टाकून मोकळा होतो. पैसे खर्च होतात. आकडा मात्र जागचा हलत नाही.

बँकेत दिवसाअखेर रोकड जुळली नाही, तर आपण तिजोरी फोडून पाहत नाही. आधी मोजणी पुन्हा करतो, मग नोंदी तपासतो, मग व्हाउचर एकेक करून पाहतो. जुन्या मोटारसायकलच्या बाबतीतही हाच क्रम उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. प्रथम अचूक मोजमाप, त्यानंतर बिनखर्चाच्या दुरुस्त्या, त्यानंतर स्वस्त दुरुस्त्या आणि अगदी शेवटी इंजिनाला हात. हा क्रम पाळला तर बहुतेकांवर शेवटच्या पायरीपर्यंत जाण्याची वेळ येत नाही.

हप्ता परवडतो, पेट्रोल परवडत नाही

इंदूर येथील आमच्या शाखेचे एक खातेदार घरोघरी पार्सले पोहोचवण्याचे काम करतात. त्यांनी २०१२ सालची, १०० सीसी वर्गातील एक जुनी मोटारसायकल घेतली होती. त्यासाठी ४० हजार रुपयांचे कर्ज दोन वर्षांच्या मुदतीने घेतलेले. मासिक हप्ता १,८८३ रुपये. सहा महिने हप्ते नियमित आले. सातव्या महिन्यात ते स्वतःच शाखेत आले आणि म्हणाले, "साहेब, हप्ता परवडतो, पण पेट्रोल परवडत नाही. मेकॅनिक म्हणतो, इंजिन गेलंय, बोअरिंग करावं लागेल. साडेसहा हजार खर्च सांगितलाय. तेवढी रक्कम वाढवून मिळेल का?"

कर्जाची रक्कम लहान होती आणि त्यांची परतफेडही चोख होती. अर्ज मंजूर करणे अवघड नव्हते. परंतु ज्या दुरुस्तीसाठी हे कर्ज घ्यायचे, ती खरोखर आवश्यक आहे काय, याचा पुरावा त्यांच्याजवळ नव्हता आणि मेकॅनिकनेही कोणतीही चाचणी केलेली नव्हती. मी स्वतः गेली अनेक वर्षे जुनीच मोटारसायकल वापरत असल्यामुळे त्यांना विनंती केली, "तीन आठवडे थांबा. आपण आधी हिशेब करू. इंजिन खरोखर गेलेले असेल, तर अर्ज आहेच." त्या तीन आठवड्यांत जे निष्पन्न झाले ते त्यांच्या संमतीने येथे मांडतो आहे, कारण ते अनेकांच्या उपयोगी पडावे असे आहे.

आधी मोजमाप

"दोनशे रुपयांचे पेट्रोल अडीच दिवस जाते," असे त्यांचे मोजमाप होते. अनेकांचे असेच असते. काही जण टाकीत एक लिटर पेट्रोल घालून गाडी बंद पडेपर्यंत चालवतात. या दोन्ही पद्धती फसव्या आहेत. टाकीत किंवा नळीत पाव लिटर इकडचे तिकडे झाले, तर एक लिटरच्या चाचणीत २५ टक्क्यांची चूक होते. आठ लिटरच्या चाचणीत तीच चूक तीन टक्क्यांवर येते. म्हणून चाचणी नेहमी टाकी फुल ते टाकी फुल अशी करावी.

पद्धत सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करून टाकीच्या तोंडातील एका ठरावीक खुणेपर्यंत पेट्रोल भरावे आणि काट्यावरील किलोमीटर लिहून घ्यावेत. साइड स्टँडवर गाडी कललेली असल्यामुळे पातळी चुकते. त्यानंतर नेहमीसारखी गाडी चालवून, टाकी बरीच रिकामी झाल्यावर, त्याच पंपावर त्याच खुणेपर्यंत पुन्हा पेट्रोल भरावे. धावलेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हा आपला आकडा. चाचणीसाठी मुद्दाम जपून चालवू नये. नाहीतर आपण गाडी मोजत नाही, आपला संयम मोजतो.

पंपावरील मापाविषयी शंका असेल, तर प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप असते. त्यात पेट्रोल मोजून दाखवण्याची मागणी ग्राहक करू शकतो. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो.

मोजमापाची दुसरी बाजू म्हणजे काटा. जुन्या गाडीचा किलोमीटर दाखवणारा काटा खरे बोलतो, असे गृहीत धरू नये. अनेक गाड्यांत तो पुढच्या चाकावरून चालतो. आधीच्या मालकाने पुढे मोठ्या मापाचे टायर बसवलेले असेल, तर चाक एका फेरीत जास्त अंतर कापते आणि काटा अंतर कमी दाखवतो. महामार्गावरील किलोमीटरचे दगड मोजून किंवा मोबाइलवरील नकाशाशी ताडून हे तपासता येते.

आमच्या खातेदारांची पहिली चाचणी अशी झाली : काट्यावर ३१२ किलोमीटर, पेट्रोल ८.२ लिटर, म्हणजे लिटरला ३८ किलोमीटर. परंतु दगडांनुसार २० किलोमीटर अंतर गेल्यावर काटा १९.६ दाखवत होता. पुढचे टायर मूळ मापापेक्षा मोठे होते. ही दुरुस्ती केल्यावर खरा आकडा ३८.८ निघाला. फरक लहान होता, पण पुढची सर्व तुलना याच दुरुस्त आकड्याशी करायची होती.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लिटरला ३० किलोमीटर देणारी गाडी ४० देऊ लागली, तर एक हजार किलोमीटरमागे सुमारे ८.३ लिटर पेट्रोल वाचते. ६० देणारी गाडी ७० देऊ लागली, तर तेवढ्याच अंतरात फक्त २.४ लिटर वाचते. दोन्हीकडे वाढ दहाचीच, पण बचत साडेतीन पट वेगळी. म्हणून आकडा फार खाली असेल, तर प्रयत्नांचे मोल मोठे आहे. तो आधीच समाधानकारक असेल, तर आणखी चार-पाच किलोमीटरांमागे पैसे घालण्यात अर्थ नाही.

अपेक्षाही वास्तव असावी. नवीन गाड्यांसोबत जाहीर होणारे आकडे प्रमाणित चाचणीतून आलेले असतात. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) यांसारख्या संस्थांत गाडी रोलरवर, ठरावीक वेगक्रमाने चालवून त्या चाचण्या होतात. तेथे खड्डे, चढ, पाठीमागचे ओझे आणि चौकातील गर्दी नसते. बारा वर्षे वापरलेल्या गाडीने शहरात तो आकडा गाठावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

पेट्रोल जाते कुठे?

पेट्रोलमधील ऊर्जेपैकी ढोबळमानाने चौथा हिस्साच चाकापर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता होऊन निघून जाते. हे सर्वच पेट्रोल इंजिनांच्या बाबतीत कमी-अधिक खरे आहे आणि त्यावर आपला इलाज नाही. आपला इलाज चालतो तो तीन प्रकारच्या गळतींवर. पहिली, पेट्रोल नीट जळतच नाही. दुसरी, ते जळते, पण निर्माण झालेली शक्ती ब्रेक, साखळी, टायर यांच्या घर्षणात वाया जाते. तिसरी, गाडी उत्तम आहे, पण ती चालवण्याची पद्धत खर्चिक आहे. इंजिनाची झीज हा पहिल्या प्रकारातील एक उपप्रकार आहे. एकमेव कारण नव्हे.

यांपैकी दुसऱ्या प्रकारापासून आरंभ करावा. कारण तेथील तपासणीस पैसे लागत नाहीत.

पहिली फेरी : टायर, ब्रेक आणि चेन

टायरमध्ये हवा कमी असली, की जमिनीला टेकणारा भाग सतत दबतो आणि सुटतो. या दबण्या-सुटण्यात शक्ती खर्च होते. किती हवा असावी हे बहुधा चेनच्या कव्हरवरील पट्टीवर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. १०० सीसी गाड्यांत एकट्या स्वारासाठी पुढे सुमारे २५ आणि मागे सुमारे २८ पीएसआय हे सर्वसाधारण प्रमाण आहे. दोघे बसल्यास किंवा ओझे असल्यास मागे बरीच जास्त हवा लागते. हवा टायर थंड असताना तपासावी. मात्र ॲव्हरेजच्या लोभाने सांगितल्यापेक्षा जास्त हवा भरू नये. टायरची पकड सुटते आणि ब्रेक लावल्यावर गाडी घसरते.

यानंतर गाडी डबल स्टँडवर घेऊन, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मागचे चाक हाताने जोरात फिरवावे. ते दोन-तीन फेऱ्या सहज फिरले पाहिजे. लगेच थांबत असेल किंवा घासल्याचा आवाज येत असेल, तर ब्रेक शू ड्रमला चिकटून राहत आहेत असे समजावे. आणखी एक खूण म्हणजे ब्रेकचा फारसा वापर न करता पाच-सहा किलोमीटर चालवल्यावर मागच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. तो तापलेला असेल, तर आपण सतत ब्रेक लावून गाडी चालवत आहोत आणि त्याचे पेट्रोल भरत आहोत. ब्रेकचे पेडल साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळे खाली जाऊन मगच ब्रेक लागायला हवा.

चेनबाबत दोन चुका आढळतात. ती कोरडी व गंजलेली असते किंवा आवाज येऊ नये म्हणून फार ताणलेली असते. चेनच्या मध्यभागी वर-खाली साधारण २० ते ३० मिलिमीटर ढिलाई असावी. बंद कव्हर असलेल्या गाड्यांत रबरी बूच काढून बोटाने हे तपासता येते. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी तपासावे, कारण जुनी चेन सर्वत्र सारखी झिजत नाही.

आमच्या खातेदारांच्या गाडीत पुढे १६ आणि मागे २० पीएसआय इतकीच हवा होती, तीही रोज पाठीवर आणि मागे पार्सलांचे ओझे असताना. मागचे चाक एक फेरीही पूर्ण करत नव्हते. ब्रेक शू झिजलेले होते. ते नीट लागावेत म्हणून आधीच्या मालकाने ब्रेकचा रॉड कसत कसत नेला होता आणि ब्रेक सोडल्यावर शूंना मागे आणणारा कॅम मातीने जाम झाला होता. नवे शू बसवले, कॅम साफ करून त्याला ग्रीस लावले, चेन सैल करून तेल दिले, हवा भरली. खर्च २५० रुपये. पुढच्या फुल टाकीचा हिशेब आला ४४ किलोमीटर. ज्या इंजिनाला दोषी ठरवले होते त्याचा एक स्क्रूही अजून फिरवलेला नव्हता.

दुसरी फेरी : हवा आणि ठिणगी

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एअर फिल्टर धुळीने भरला, की हवा कमी पडते आणि साध्या कार्बोरेटरमधून तिच्या प्रमाणात पेट्रोल जास्त ओढले जाते. जास्तीचे पेट्रोल अर्धवट जळून सायलेन्सरमधून बाहेर जाते. कागदी फिल्टर ठरावीक अंतरानंतर बदलावा. तो पेट्रोलने धुऊ नये. फोमचा फिल्टर असेल, तर धुऊन, वाळवून, पुस्तिकेत सांगितले असल्यास तेल लावून बसवावा. फिल्टर काढून टाकल्यास गाडी मोकळी पळते, असा एक समज आहे. फिल्टरवाटे अडणारी धूळ मग थेट सिलिंडरमध्ये जाते आणि आज नसलेला बोअरिंगचा खर्च उद्या खरोखर उभा राहतो.

स्पार्क प्लग ही इंजिनाची बोलकी नोंदवही आहे. नेहमीचा प्रवास झाल्यावर, इंजिन थोडे निवल्यावर प्लग काढून पाहावा. त्याचे टोक फिकट बिस्किटी रंगाचे असेल, तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओलसर, तेलकट काळेपणा असेल, तर इंजिन ऑइल वर चढत आहे. पांढरेफटक टोक असेल, तर पेट्रोल कमी पडून इंजिन जास्त तापत आहे. प्लगच्या दोन टोकांतील फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. प्लग जुना असेल, तर बदललेलाच बरा.

याच फेरीत टॅपेट तपासून घ्यावेत. इंजिन पूर्ण थंड असताना, फिलर गेज लावून, पुस्तिकेतील मापानेच हे काम करावे. टॅपेट फार घट्ट असले, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, दाब गळतो आणि अशी गाडी नेमकी इंजिन गेल्यासारखी वागते. आवाज नको म्हणून टॅपेट कसून देणाऱ्या मेकॅनिकला म्हणूनच आवरावे.

येथे फिल्टर गच्च भरलेला होता आणि प्लग काजळीने काळा. परंतु प्लग तेलकट नव्हता, ही आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद ठरली. बोअरिंगची गरज असती, तर तेथे तेलाची खूण सापडण्याची शक्यता होती. फिल्टरचे १८० रुपये, प्लगचे ११० आणि टॅपेटच्या मजुरीचे १५० रुपये झाले. पुढचा आकडा ४७.५ किलोमीटर.

तिसरी फेरी : कार्बोरेटर

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींत इंधन इंजेक्शन पद्धत आली. त्याआधीच्या बहुसंख्य गाड्या कार्बोरेटरवरच चालतात. इंजेक्शनच्या गाडीत फिरवायला स्क्रू नसतो. तेथे मीटरवरील इंजिनाचा दिवा पेटतो का हे पाहावे, बॅटरी तपासावी आणि जोडणी यंत्राने दोष वाचून घ्यावा. कार्बोरेटरच्या गाडीत मात्र पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

सर्वप्रथम चोक. त्याची तार अडकून तो अर्धवट लागलेला राहिला, तर गाडी दिवसभर जास्तीचे पेट्रोल पिते. नंतर पेट्रोलचा वास आणि ओल. कॉक, नळी किंवा कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतून थेंब पडत असतील, तर रात्रभर उभी राहूनही गाडी पेट्रोल गमावते. आतील फ्लोटची पातळी चुकली किंवा सुईचे तोंड झिजले, की असे होते.

सहसा दुर्लक्षित राहणारे कारण म्हणजे जेट नीडल, अर्थात ॲक्सिलरेटर पिळल्यावर वर-खाली होणारी सुई, आणि ती ज्या भोकात फिरते ते भोक. वर्षानुवर्षांच्या हालचालीने दोन्ही झिजतात आणि त्यांमधून पेट्रोल जास्त येऊ लागते. ही झीज स्क्रू फिरवून भरून निघत नाही. हे दोन भाग बदलावेच लागतात. बाहेरून दिसणारा हवेचा स्क्रू प्रामुख्याने संथ गतीचे मिश्रण ठरवतो. केवळ तोच पिळून ॲव्हरेज वाढवून देतो म्हणणाऱ्यावर विसंबू नये. उलट पेट्रोल गरजेपेक्षा कमी केले, तर इंजिन तापते, व्हॉल्व्ह जळू शकतो आणि गाडी ओढत नाही म्हणून आपण ॲक्सिलरेटर जास्त पिळतो.

डोंगराळ भागातील वाचकांसाठी एक सूचना. उंचीवर हवा विरळ असते. मैदानी प्रदेशात जुळवलेला कार्बोरेटर उटीसारख्या सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या ठिकाणी हवेच्या मानाने जास्त पेट्रोल देतो. बदली होऊन गाडी अशा ठिकाणी नेली असेल, तर कार्बोरेटर तेथे पुन्हा जुळवून घ्यावा.

मिश्रण तपासण्याचे एक स्वस्त साधन आपल्या हाताशीच असते आणि आपण ते घडी करून डिकीत टाकतो. ते म्हणजे पीयूसीचे प्रमाणपत्र. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण छापलेले असते. बीएस-३ चार-स्ट्रोक दुचाकींसाठी त्याची मर्यादा ३.५ टक्के आहे. मर्यादेच्या आत म्हणजे गाडी उत्तीर्ण, इतकेच आपण पाहतो. पण आकडा मर्यादेच्या जवळ असेल, तर पेट्रोल अर्धवट जळत आहे, हे त्या कागदाने आधीच सांगितलेले असते. आमच्या खातेदारांच्या प्रमाणपत्रावर ३.१ टक्के लिहिलेले होते आणि ते चार महिने त्यांच्या खिशात होते. कार्बोरेटर साफ करून नीडल आणि तिचा जेट बदलल्यावर तोच आकडा १.२ टक्क्यांवर आला. खर्च ६०० रुपये. ॲव्हरेज ५२ किलोमीटर.

ई-२० पेट्रोलचा वाटा

सध्या गॅरेजमध्ये प्रत्येक तक्रारीचे उत्तर "पेट्रोलच तसे आहे" असे मिळते. यात तथ्यांश आहे, पण तो किती हे पाहावे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटणे अपरिहार्य आहे. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या आराखड्यात, ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींमध्ये ही घट तीन ते चार टक्के होईल, असा अंदाज दिला होता. म्हणजे लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी ४८ देईल. पंधरा किलोमीटरांची घट मात्र पेट्रोलच्या माथी मारता येणार नाही.

जुन्या गाडीत याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर यांवर परिणाम करू शकते. नळीला भेगा, फुगवटा किंवा ओल दिसल्यास ती बदलावी आणि गाडी अनेक आठवडे बंद ठेवायची असेल, तर पेट्रोल टाकीत साठवून ठेवू नये.

चालवण्याची सवय

उरलेला भाग आपल्या हातात, अक्षरशः मनगटात असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० वरून ८० वर गेल्यास तो चौपट होतो. १०० सीसी गाडीला ताशी ४० ते ५० किलोमीटरचा स्थिर वेग सर्वांत मानवतो. हाफ क्लचवर चालवणे, पाय सतत ब्रेकच्या पेडलवर टेकलेला असणे, वरच्या गिअरमध्ये अगदी कमी वेगाने ओढत नेणे या सवयी पेट्रोल खातात. सिग्नलवर इंजिन बंद करण्याचा सल्ला पीसीआरए ही संस्था वर्षानुवर्षे देत आली आहे.

आमचे खातेदार दिवसाला साठेक ठिकाणी थांबत आणि प्रत्येक वेळी इंजिन चालू ठेवूनच पायऱ्या चढत. सेल्फ स्टार्टरची बॅटरी कमजोर असल्याने गाडी पुन्हा चालू होणार नाही, अशी त्यांना धास्ती होती. आता कार्बोरेटर नीट झाल्यामुळे गाडी पहिल्या किकला चालू होऊ लागली आणि ती धास्ती गेली. केवळ या एका बदलाने आकडा ५४ वर पोहोचला.

इंजिन उघडण्यापूर्वी

इंजिन खरोखरच झिजलेले असते, अशीही प्रकरणे असतात. त्यांच्या खुणा ठरलेल्या आहेत. इंजिन ऑइल ठरावीक मुदतीआधीच कमी होते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, प्लग तेलकट होतो, किक हलकी लागते आणि चढावर गाडी दम टाकते. यांतील दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन गेज लावून सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. आकडा पाहिल्याशिवाय बोअरिंगला होकार देऊ नये. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल, तर दोष बहुधा क्लच प्लेटांचा असतो, सिलिंडरचा नव्हे. तसेच, धूर लपवण्यासाठी आधीच्या मालकाने घट्ट ऑइल घातलेले असू शकते. त्यामुळे घर्षण वाढते. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच आणि तितकेच ऑइल घालावे.

पेट्रोलच्या नळीला लावायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या आणि "वीस टक्के बचतीची हमी" देणारी छोटी उपकरणे यांपासून दूर राहावे. फुल टाकीच्या चाचणीने त्यांची पारख करायची सवय लागली, की त्यांचा मोह आपोआप सुटतो.

हिशेबाची अखेर

आमचे खातेदार महिन्याला सुमारे २,०८० किलोमीटर धावतात. सुरुवातीला त्यासाठी त्यांना ५३.६ लिटर पेट्रोल लागत असे; आता ३८.५ लिटर लागते. वाचलेल्या १५.१ लिटरपैकी ६.३ लिटर टायर, ब्रेक व चेनमुळे, ३.५ लिटर फिल्टर, प्लग व टॅपेटमुळे, ३.८ लिटर कार्बोरेटरमुळे आणि १.५ लिटर सवय बदलल्यामुळे वाचले. म्हणजे सर्वांत मोठी गळती इंजिनाच्या बाहेरच होती. सोयीसाठी पेट्रोल लिटरला १०० रुपये धरले, तरी महिन्याची बचत १,५१० रुपये होते. कर्जाच्या हप्त्याचा जवळजवळ चार-पंचमांश भाग. एकूण खर्च झाला १,२९० रुपये. तो पहिल्याच महिन्यात वसूल झाला.

हे शक्य झाले ते एका वेळी एकाच भागाला हात घातल्यामुळे आणि प्रत्येक वेळी आकडा लिहून ठेवल्यामुळे. सगळे एकदम बदलले असते, तर गाडी सुधारली असती, पण कशामुळे सुधारली हे कळले नसते. आणि पुढच्या वेळी पुन्हा अंदाजानेच पैसे खर्च झाले असते. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना तारीख, किलोमीटर आणि लिटर एवढ्या तीन नोंदी छोट्या वहीत करणे यापेक्षा अधिक काही लागत नाही. आकडा सलग दोन टाक्यांत खाली आला, की तपासणी करावी. आणि ती चाकापासून सुरू करावी.

साडेसहा हजारांच्या त्या वाढीव कर्जाचा अर्ज शेवटी भरला गेलाच नाही. तीन आठवड्यांनी ते गृहस्थ पुन्हा शाखेत आले ते आवर्ती ठेव खाते उघडण्यासाठी, दरमहा एक हजार रुपयांचे. "पेट्रोलमधून निघाले आहेत, साहेब," ते म्हणाले, "गाडी कधीतरी बदलावी लागेलच."